बटणांची मांडणी: थोडीच ठेवा, पण त्यांची मागची बाजू दाखवा

आजोबांच्या गिरगावातल्या शिंपीकामाच्या दुकानातले बटणांचे दोन डबे, संग्राहकांच्या मेळाव्यात शैक्षणिक मांडणीसाठी मिळालेलं एक टेबल, आणि ‘सगळी मांडू की निवडक?’ हा तुमचा प्रश्न. निवडकच मांडा. तीस-चाळीस बटणं पुरेशी आहेत. लोक शेकडो बटणं कौतुकाने बघतात खरी, पण पुढच्या टेबलापाशी पोचेपर्यंत त्यातलं एकही लक्षात राहत नाही.

शैक्षणिक मांडणीत विक्री नसते, स्पर्धेतल्यासारखे गुणही नसतात. तिथे एकच गोष्ट साधायची: आपण जे सांगतोय ते बघणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता यावं. ‘हे शिंपल्याचं बटण’ एवढं लेबलवर लिहिलं तर त्याने ते नुसतं मान्य करायचं. शेजारी तेच बटण उलटं ठेवलं तर तो स्वतः ओळखायला शिकतो. तुमच्याकडे तर दुकानाचा माल आहे, म्हणजे एकाच प्रकारची डझनभर बटणं. बहुतेक संग्राहकांकडे एकेकच नग असतो, त्यांना हे जमत नाही. तेव्हा प्रत्येक प्रकारातलं एक सुलटं आणि एक उलटं, अशी जोडी मांडाच.

शिंपल्याचं बटण पुढून घोटून चकचकीत केलेलं असतं, पण मागे बऱ्याचदा शिंपल्याची तपकिरी साल थोडी राहिलेली दिसते. जाडी सगळीकडे सारखी नसते आणि कडेला थर दिसतात. गालाला लावलं तर गार लागतं. तसंच दिसणारं प्लास्टिकचं बटण लगेच कोमट होतं, वजनाला हलकं असतं आणि एकाच डब्यातली सगळी बटणं हुबेहूब सारखी निघतात. एका वाटीत दोन्ही प्रकारची साधी बटणं मिसळून ठेवा आणि लोकांना हात लावू द्या. मुलं त्या वाटीपासून हलत नाहीत, आणि त्यांच्यामुळे आईवडीलही थांबतात.

तुम्ही पाठवलेल्या फोटोतली ‘जी.आय.पी.’ अक्षरांची पितळी बटणं मधोमध ठेवा. मुंबईत याहून जिव्हाळ्याचा विषय मिळायचा नाही. याच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी या रेल्वेचा मध्य रेल्वेत समावेश झाला. त्याच दिवशी बी.बी.सी.आय.ची, म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची, पश्चिम रेल्वे झाली. रोज दादरला पूल ओलांडून लोकल बदलणाऱ्या माणसाला हे दोन तपशील चटकन भिडतात. रेल्वेचं नाव बदललं की गणवेशावरची अक्षरंही बदलणार, म्हणून बटणावरून काळाचा अंदाज येतो.

आता ती बटणं उलटून पाहा. कडेने बारीक अक्षरांत बनवणाऱ्याचं नाव असतं, बऱ्याचदा बर्मिंगहॅमच्या कारखान्याचं. लेबल लिहिताना इथेच घाई होते. कारखान्याचं नाव पन्नास पन्नास वर्षं तेच राहतं, त्यामुळे कारखाना सुरू झाला ते साल म्हणजे बटणाचं साल नव्हे. ‘१९५१ पूर्वीचं’ एवढं खात्रीने म्हणता येत असेल तर तेवढंच लिहा. पोलीस किंवा लष्कराच्या बटणावर मुकुट असेल तर त्याचा आकार बघा. १९०१ नंतरच्या राजांच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी गोलसर उंच असतात. दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या असतात, आणि तोवर आपण स्वतंत्र झालो होतो. पण व्हिक्टोरियाच्या काळातल्या मुकुटाच्या कमानीही दबलेल्या दिसू शकतात, म्हणून तसा मुकुट असलेलं बटण ब्रिटिशांच्या काळातल्या मुंबईचं म्हणून खात्री केल्याशिवाय मांडू नका. सरकारी बटणावर सिंहमुद्रा असेल तर ते स्वातंत्र्यानंतरचं.

पितळ उजळायचा मोह आवरा. चिंच नको, राख नको, पावडरही नको. वरचा सोनेरी मुलामा एकदा गेला की परत येत नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, बस. शिंपला, लाकूड आणि केसिनची बटणं पाण्यात भिजवू नका. केसिन म्हणजे दुधापासून केलेलं जुनं प्लास्टिक, ते पाणी पिऊन फुगतं.

सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची बटणं आधी बाजूला काढा. चोळल्यावर कापरासारखा वास येतो तीच ती. ती खराब होऊ लागली की आम्लाची वाफ सोडतात आणि शेजारचं पितळ हिरवं पडतं. आढीतला नासका आंबा जसा लगेच वेगळा काढतात तसं करा. हवाबंद डबीत तर मुळीच कोंडू नका. काही जण प्लास्टिक ओळखायला तापलेली सुई टोचतात. तुम्ही हे कधीही करू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं. डब्यात हस्तिदंती वाटणारं काही सापडलं तर ते टेबलावर आणू नका. आपल्याकडे हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे, आणि मेळाव्यात कोण किंमत विचारत येईल ते सांगता येत नाही.

बोर्डासाठी ९ × १२ इंचाचा आम्लरहित पुठ्ठा घ्या. १९३८ साली स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या नॅशनल बटन सोसायटीत हेच माप चालतं, आणि हाताळायलाही ते सोयीचं आहे. गोंद लावायचा नाही. दाभणाने भोक पाडा, बटणाची कडी त्यातून मागे काढा आणि प्लास्टिकचं आवरण असलेल्या बारीक टेलिफोनच्या तारेने अडकवा. लोहार चाळीत अशी तार मिळते. रबरबँड आणि लोकरीचं फेल्ट टाळा, त्यांतल्या गंधकाने धातू काळा पडतो. बोर्ड टेबलावर आडवा ठेवू नका, मागे टेकू देऊन तिरका उभा करा.

एक गोष्ट विसरू नका. काही बटणं मूळ कार्डावर शिवलेलीच असतील, ती तशीच राहू द्या. कार्डावरचा दुकानाचा शिक्का, ‘एक ग्रोस’ (बारा डझन), ‘२४ लाईन’ असली नोंद म्हणजे आजोबांच्या धंद्याची भाषा आहे. चाळीस लाईनचा एक इंच, म्हणून चोवीस लाईनचं बटण साधारण १५ मिलिमीटरचं. कार्डाशेजारी हाताने केलेलं काज असलेली सदऱ्याची एखादी पट्टी ठेवा. जमलं तर बाराबंदीचा फोटोही लावा, म्हणजे बटणाआधी आपले कपडे बंदांनी बांधत हेही दिसेल. मला विचाराल तर रेल्वेच्या बटणांनंतर तुमच्या टेबलावरचा सगळ्यात मोलाचा भाग हाच.

लेबलं मराठीत लिहा, अक्षर हातभरावरून वाचता येईल एवढं ठेवा. एका लेबलात दोन वाक्यं पुरेत: बटण कशाचं आहे आणि ते कशावरून कळलं. टेबलावर दोरीने बांधलेलं एक भिंग ठेवा. बोर्ड लावून झाला की पुढून आणि मागून फोटो काढून मला पाठवा, लेबलांचा मजकूरही पाठवा. छापायच्या आधी मी तो वाचून देते.