सोशल स्टँडिंग खोडू नका, दारावर आणून उभं करा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ट्रॅव्हलर, म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायचा अंतराळातला रोल-प्लेइंग खेळ, नव्याने सुरू केलाय, टेबलावर पाच जण. एकाच्या कॅरेक्टरला सोशल स्टँडिंग, म्हणजे समाजातलं स्थान, 12 आलंय आणि तो प्रत्येक बोलाचालीत फाशांवर प्लस मागतोय. एकीला 3 आलंय आणि ती म्हणतेय, हा आकडा शीटवरून काढूनच टाका. तुम्हालाही तसंच वाटायला लागलंय. माझं ऐकाल तर काढू नका. गेली बारा-तेरा वर्षं दादर-पार्ल्यात मी हा खेळ चालवतोय आणि माझ्या टेबलावरची सगळ्यात लक्षात राहिलेली सेशन्स या एकाच आकड्यामुळे झाली आहेत.

आधी तो तिथे का आहे ते बघू. 1977 साली गेम डिझायनर्स वर्कशॉपने मार्क मिलरचा ट्रॅव्हलर काढला, तेव्हा ताकद, चपळाई, दमसास, बुद्धी आणि शिक्षण यांच्या पंगतीत सहावं पान समाजातल्या स्थानाचं मांडलं. दोन फासे टाकायचे, पडेल ते दान. 11 ला नाइट, 12 ला बॅरन, आणि खेळ सुरू होण्याआधीच्या, फाशांवरच ठरणाऱ्या नोकरीच्या काळात वाढत गेलं तर 15 ला थेट ड्यूक. 11 किंवा 12 पडण्याची शक्यता 36 मध्ये 3, त्यामुळे पाच जणांच्या साधारण तीनातल्या एका टेबलावर एखादा सरदार जन्माला येतोच. तुमच्याकडे आलाय त्यात नवल नाही.

खरी गंमत सरदारकीत नाही, नेव्हीतल्या नोकरीच्या तक्त्यात आहे. जुन्या नियमांत नेव्हीत भरती होताना बुद्धी आणि शिक्षण बघतात. पुढच्या बढत्यांनाही शिक्षण बघतात. फक्त मधल्या एका पायरीवर, म्हणजे साध्या खलाशाचा अधिकारी होताना, फाशांवर 10 किंवा जास्त पडावे लागतात आणि तिथे सोशल 9 किंवा जास्त असेल तर प्लस 1. संधी 36 मध्ये 6 होती, ती 10 होते. हुशारी त्या दारावर कोणी विचारतच नाही, घराणं विचारतात. एका ओळीच्या नियमात केवढा समाज भरलाय बघा.

आपल्याला हे समजायला अंतराळात जायची गरज नाही. बाळू पालवणकर आठवा. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेणारा डावखुरा फिरकी गोलंदाज. मुंबईच्या स्पर्धेत हिंदू संघाला त्यांच्या गोलंदाजीशिवाय जिंकणं अवघड होतं. पण ते दलित, म्हणून पुण्यात खेळताना चहा त्यांना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा. त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हातात घेत होते, कप मात्र वेगळा. कर्णधारपद त्यांना दिलं नाही. धाकटा भाऊ विठ्ठल 1923 मध्ये कर्णधार झाला. गोलंदाजीचं स्किल कोणी कापलं नव्हतं. त्या एका दारावर माणूस अडवला होता.

म्हणून तुमच्या 12 वाल्या मित्राला सांगा की सोशल म्हणजे गोड बोलण्याचा बोनस नाही. मी टेबलावर एकच प्रश्न विचारतो: समोरच्याला कळलं कसं? आकडा कपाळावर लिहिलेला नसतो. मुंबईत पहिल्या दोन मिनिटांत 'राहायला कुठे?' आणि 'आडनाव काय?' हे विचारून होतं, त्यातून समोरचा हिशेब मांडतो. स्टारपोर्टवरचा कारकून काय बघेल? अंगठीवरची मोहोर, उच्चार, बूट, सोबतचा नोकर? बॅरन तीन आठवडे मालवाहू जहाजाच्या बोळात झोपून, ग्रीस लागलेल्या ओव्हरऑलमध्ये उतरला असेल तर माझ्याकडे त्याला प्लस मिळत नाही. त्याने आधी ओळख पटवायची, आणि ती पटवण्यातच निम्मं सेशन रंगतं.

हे मला पुस्तकातून सुचलं नाही. आमच्यातल्या एका मित्राकडे फासे, नकाशे, पुस्तकं ठेवायला मोठी चौकोनी पाठपिशवी आहे. एकदा सेशन एका नव्या टॉवरमध्ये तेविसाव्या मजल्यावर होतं. आम्ही दोघं एकत्रच गेटवर पोचलो. वॉचमनने मला रजिस्टर पुढे केलं आणि त्याला न बघताच म्हणाला, "पार्सल मागच्या लिफ्टने." तो काही बोलला नाही, गेला मागून. मी पुढच्या लिफ्टने वर पोचलो, तो सात-आठ मिनिटांनी आला, कारण मागच्या लिफ्टमध्ये कचऱ्याचे डबे चढत होते. शिकलेला माणूस, पगार माझ्याहून जास्त. त्या संध्याकाळी तो फारसा बोललाच नाही. मी तिथेच वॉचमनला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं, आणि ते मला अजून टोचतं. दोन आठवड्यांनी त्यानेच मला म्हटलं, "माझ्या स्काउटचं सोशल 4 आहे ना, ते नीट खेळव. मागच्या लिफ्टने जाणाऱ्यांना काय काय दिसतं ते दाखव." तेव्हापासून कमी सोशलची बाजू मी वेगळी लिहायला लागलो. त्या कॅम्पेनमधलं सगळ्यात मोठं रहस्य कचऱ्याच्या वाहिनीतूनच उलगडलं.

दुसरं, जास्त सोशल पोसावं लागतं. गर्प्स या दुसऱ्या रोल-प्लेइंग खेळात हे आकड्यांत मांडलंय: स्टेटस 0 चा महिन्याचा राहणीखर्च 600, स्टेटस 3 चा 12,000. तुमच्या बॅरनला हलक्या खानावळीत जेवताना कोणी ओळखीच्याने पाहिलं तर? त्याच्याकडे वर्गणी मागायला कोण येईल? हे प्रश्न प्रेमाने पण न चुकता विचारा, प्लस मागणं आपोआप कमी होतं.

आणि सीमा ओलांडली की आकडा बदलतो. ट्रॅव्हलरमधल्या लांडग्यासारख्या वार्गर जमातीला सोशल स्टँडिंगच नाही, त्या जागी करिष्मा आहे आणि तो कर्तबगारीबरोबर वरखाली होतो. सिंहासारख्या अस्लान जमातीत पुरुषांची पत जमिनीवर ठरते. म्हणजे जमीन नसलेला माणसांचा बॅरन त्यांच्या दरबारात कोण? हे एकदा खेळून बघाच.

एक गोष्ट मात्र पहिल्या सेशनआधी करा. टेबलावरच्या प्रत्येकाला एकेकट्याला विचारा की असे प्रसंग कितपत चालतील. आपल्याकडे कोणाला ना कोणाला आडनावावरून भाड्याची खोली नाकारलेली असते. त्यांच्यासाठी रविवारची दुपार पुन्हा तेच सोसण्यात जायला नको. नको म्हणाले तर कारण विचारू नका, तो भाग बाजूला ठेवा. आणि 3 वाल्या मुलीचा अपमान हे मनोरंजन म्हणून कधीही मांडू नका. दार बंद दाखवलंत तर त्याच दृश्यात दुसरं दार उघडं ठेवा.

तुमच्या पुढच्या सेशनसाठी असं करता येईल. जहाज बंदरात जप्त झालंय. बॅरनला अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये बसवतात, खुर्ची देतात, चहा देतात आणि तासभर काहीच सांगत नाहीत, कारण त्याच्या दर्जाच्या माणसाला चुकीचं उत्तर द्यायची प्रत्येकाला भीती आहे. तेवढ्यात गोदीत पाळी बदलते. 3 वाली कामगारांच्या कँटीनमध्ये ताट घेऊन बसते. तिथे मॉडिफायर, म्हणजे फाशांवरचे प्लस-मायनस, उलटे करा. मंगूस या प्रकाशकाच्या नव्या आवृत्तीत 3 ला मायनस 1 आहे, तिला प्लस 1 द्या. 12 चा प्लस 2 तिथे मायनस 2. क्रेनवाला तिच्या बाकावर सरकून बसतो आणि माल रात्री कुठल्या गोदामात हलवला ते जेवता जेवता सांगतो. अर्ध्यात बॅरन आत आला तर सगळं कँटीन गप्प होऊ द्या, आणि फासे तिच्या हातात द्या.