आईच्या दंडावरचा सेन्सर आणि उशाशी ठेवलेला फोन

तुमचा प्रश्न असा की वडील ७२ वर्षांचे, शुगर आहे, मधूनच धडधड होते, एकटे राहतात, तर त्यांच्या हातात स्मार्टवॉच बांधलं की सगळं तुमच्या मोबाईलवर दिसेल का. आईसाठी आम्ही ३ वर्षं हे सगळं वापरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी शुगरचं. घड्याळ किंवा अंगठी सुई न टोचता शुगर दाखवते असं कुणी सांगत असेल तर अजिबात घेऊ नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने जाहीर इशारा दिला होता की अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरला तर जिवावर बेतू शकतं हो. शुगरसाठी दंडावर लावायचा पॅच वेगळा, त्याला सीजीएम म्हणतात, त्याची बारीक तार कातडीखाली जाते पण रक्तात नाही, पेशींच्या मधे जो द्रव असतो त्यातली शुगर ती मोजते, त्यामुळे आकडा रक्तापेक्षा साधारण ५ ते १५ मिनिटं मागे असतो. जेवल्यावर किंवा चालून आल्यावर शुगर भराभर बदलत असते, तेव्हा ग्लुकोमीटर एक सांगतो आणि पॅच दुसरंच, म्हणून लगेच सेन्सर खराब म्हणून फेकू नका. दुसरं म्हणजे रात्री त्याच दंडावर झोपलं की दाब पडून खोटा लो, म्हणजे शुगर खाली गेल्याचा चुकीचा आकडा येतो. आमच्याकडे एकदा ५८ दाखवलं, आईला ना घाम ना थरथर, बोटाला टोचून पाहिलं तर १०४!

धडधडीसाठी मनगटावरचं घड्याळ मागचा हिरवा लाइट कातडीवर टाकतं, रक्त तो शोषून घेतं आणि दर ठोक्याला शोषण कमीजास्त होतं, त्यावरून नाडी मोजली जाते. पट्टा सैल असेल, हात गार असेल किंवा हलत असेल तर आकडा भरकटतो. ईसीजीवाली घड्याळं खरंच वीज मोजतात, दुसऱ्या हाताचं बोट ठेवून ३० सेकंद बसायचं, पण तो ईसीजी एकाच लीडचा असतो, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघतो. अनियमित ठोक्यांचा एक प्रकार, एट्रियल फिब्रिलेशन, त्यात सापडू शकतो, हार्ट अटॅक मात्र त्यात कळत नाही. छातीत दुखतंय आणि घड्याळ नॉर्मल म्हणतंय म्हणून घरी बसू नका, हे वडिलांना दहा वेळा सांगून ठेवा. अ‍ॅपलने केलेल्या अभ्यासात ४,१९,२९७ लोक होते, त्यातल्या ०.५२ टक्के लोकांना अनियमित नाडीचा अलर्ट आला आणि नंतर ज्यांनी छातीवर चिकटवायचा ईसीजी पॅच लावून परत पाठवला त्यातल्या ३४ टक्के लोकांमध्ये ते फिब्रिलेशन पॅचवर दिसलं. हा त्रास येतो-जातो, त्यामुळे धडधड दहा दिवसांतून एकदा होत असेल तर २४ तासांच्या होल्टरमध्ये, म्हणजे अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणाऱ्या यंत्रात, ती बहुतेक निसटायची, डॉक्टरांना जास्त दिवसांच्या पॅचबद्दल जरूर विचारा.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. सेन्सर निवडताना आपण महिनाभर डोकं लावतो आणि फोनकडे बघतच नाही. पॅचमधून आकडा ब्लूटूथने वडिलांच्या फोनवर जाणार, तिथून इंटरनेटने तुमच्याकडे, यातलं काहीही तुटलं की संपलं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि शरीरातलं पाणी ते शोषतं, म्हणजे डाव्या दंडावर पॅच, उजव्या कुशीला फोन आणि मधे अख्खा माणूस असेल तर सिग्नल तुटू शकतो. आमच्याकडे फोन अपडेट झाला, बॅटरी सेव्हरने अ‍ॅप झोपवून टाकलं आणि आईची शुगर पहाटे खरंच खाली गेली तेव्हा अलार्म वाजलाच नाही, सकाळी ग्राफ उघडला तर २ तास लो! सेन्सरने सगळं बरोबर टिपलं होतं. मला ती सकाळ अजून आठवते. फेब्रुवारी २०२५ मध्ये एफडीएनेही फोनच्या सेटिंगमुळे शुगरचे अलर्ट चुकतात म्हणून सावध केलं होतं. तेव्हा त्या अ‍ॅपसाठी बॅटरी सेव्हर बंद करा, डू नॉट डिस्टर्बमध्ये त्याला सूट द्या, सिग्नल तुटल्याचा अलर्ट चालू ठेवा आणि प्रत्येक अपडेटनंतर हे सगळं पुन्हा तपासा.

आणि रात्री ३ ला तुमच्या फोनवर अलार्म वाजला तर वडिलांच्या दारापर्यंत कोण जाणार, किल्ली कुणाकडे, हे आधी ठरवा.

वडिलांना विचारलंय ना? आईला सुरुवातीला सारखं कुणीतरी बघतंय असं वाटायचं, ती पॅचवर बाही ओढून घ्यायची. मग आमचं ठरलं की मला फक्त अलर्ट येणार, दिवसभराचा ग्राफ मी उघडणार नाही, तेव्हापासून ती स्वतःच मला आकडे सांगते.

त्यांना इन्सुलिन चालू आहे की गोळ्या, आणि कुठल्या, तेवढं लिहा. नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर धोकादायक खाली जायची शक्यता बरीच कमी असते, मग रात्रीच्या अलार्मपेक्षा धडधडीचं आधी बघू.