पत्र मुलाच्या मेलवरून, मजकूर बाबांचा

प्रश्न : मी मुलुंडला राहतो, एका सहकारी बँकेत लॉकर विभाग बघतो. मुलगा बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे, वय २०. एआयसाठी लागणाऱ्या क्लाउड सिक्युरिटीला (इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरच्या डेटाची राखण) खूप स्कोप आहे म्हणतात. असे सर्व्हर जिथे ठेवतात त्या ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये चिकटला तर ठाण्याला गाडी बदलून तासाभरात घरी. एक क्लास १ लाख ८० हजारांत शंभर टक्के प्लेसमेंट देतोय. पण मुलाच्या ड्राइव्हमध्ये (ऑनलाइन फाइली ठेवतो तिथे) मला एलएलबी सीईटीच्या नोट्स सापडल्या. मी त्याच्या गुणपत्रिका आणि आधार कार्ड एका एआय चॅटबॉटला घालून विचारलं, त्यानेही सायबर सिक्युरिटीच सांगितली. मुलाला कसं समजवू? (मेल त्याचाच आहे, पासवर्ड माझ्याकडे असतो.)

उत्तर : नमस्कार. स्कोप, क्लास, ऐरोली सगळं राहिलं बाजूला, मी तुमच्या कंसातल्या वाक्यापाशीच अडकलो. वीस वर्षांच्या मुलाची ड्राइव्ह तुम्ही उघडता, त्याच्याच मेलवरून त्याच्याविषयी परक्या माणसाला लिहिता, आणि त्याने लोकांचा डेटा राखायला शिकावं म्हणता! काळजीपोटी करता, मान्य. पण वकिलीचा विषय त्याने तुमच्यापाशी काढला नाही, तो तुम्हाला फाइल उघडून कळला, याचं काहीच वाटलं नाही? पत्रात तरी तसं दिसत नाही. बँकेत ग्राहकाने पेटीत काय ठेवलंय ते तुम्ही आजवर कधी डोकावून पाहिलं नसेल. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही पालकांची संमती लागते ती अठराच्या आतल्या मुलांसाठी. (तो कायदा घरगुती कारभाराला लागू नाही, घाबरू नका.)

आधार कार्ड चॅटबॉटला दिलंत, हे तर अतिच झालं. तिथे टाकलेलं कंपनीच्या सर्व्हरवर साठतं. अनेक मोफत सेवांमध्ये आपण सेटिंग बंद केलं नाही, तर त्यावर पुढचं मॉडेल, म्हणजे चॅटबॉटमागची एआय प्रणाली, शिकवलं जाऊ शकतं. फाइल पुसता येते. मॉडेलच्या अंगी मुरलेलं उपसून काढणं तितकं सोपं नसतं. आज रात्रीच ते संभाषण डिलीट करा, आणि मुलाला सांगून करा.

आता ऐरोली. त्या पट्ट्यात डेटा सेंटरं आहेत, खरं आहे. पण त्या इमारतींत माणसं लागतात ती वीज, जनरेटर, एसी, केबल आणि पहारा सांभाळायला. क्लाउडची सुरक्षा बघणारा बहुधा तिथे पाऊलही टाकत नाही, कारण डेटा भिंत फोडून क्वचितच जातो. २०२३ मध्ये उघडकीला आलेलं मायक्रोसॉफ्टचं प्रकरण घ्या. तिथल्या एआय संशोधकांनी मॉडेल आणि त्यासाठीचा डेटा लोकांना उतरवून घेता यावा म्हणून गिटहबवर (प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात ती वेबसाइट) एक लिंक दिली. परवानगी द्यायची होती तेवढ्याच फाइलींची, दिली गेली अख्ख्या स्टोरेज खात्याची. ३८ टेराबाइट डेटा उघडा पडला. त्यात दोन कर्मचाऱ्यांच्या संगणकांचे बॅकअप होते, पासवर्ड होते, टीम्स या ऑफिसच्या निरोपांच्या ॲपवरचे तीस हजारांहून जास्त अंतर्गत निरोप होते. पहारा शाबूत, किल्ली चव्हाट्यावर. तुमच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात ना, तसंच इथे. तिजोरीची खोली क्लाउड कंपनी सांभाळते, पण आपल्या पेटीची किल्ली कुणाला द्यायची, कितीशी उघडू द्यायची, परत कधी घ्यायची, हे ग्राहक कंपनीने बघायचं. या धंद्यात याला शेअर्ड रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे वाटून घेतलेली जबाबदारी, म्हणतात. नोकऱ्या आहेत त्या या दुसऱ्या किल्लीच्या, आणि त्या बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) बसून करा नाहीतर घरी बसून.

क्लासला एक रुपया देऊ नका. नोकरी देणं क्लासच्या हातात नसतं, आणि क्लाउड कंपन्यांचे सुरुवातीचे धडे फुकट मिळतात. एमसीए सीईटी, एमएस्सी, प्रमाणपत्र परीक्षा हे रस्ते मुलाला तुमच्याहून जास्त ठाऊक असतील.

राहिली वकिली. आयटीनंतर तीन वर्षांची एलएलबी म्हणजे वाया गेलेली पदवी, असा तुमचा सूर आहे. माझं मत नेमकं उलटं. आधारविरोधातल्या याचिकेच्या ओघातच सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. वर सांगितलेल्या २०२३च्या कायद्यात तर डेटाच्या सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. ग्राहकांचा कुठला डेटा मॉडेलला द्यायचा, कुणाच्या संमतीने, किती दिवस ठेवायचा, याची उत्तरं कंपन्यांना सर्व्हरचा लॉग (कामकाजाच्या नोंदी) वाचता येणाऱ्या वकिलाकडून हवी असणार. अर्थात हे वाचून 'मग सायबर लॉच कर' म्हणून त्याच्या मागे लागू नका. त्याला कदाचित पागडीच्या चाळीतल्या भाडेकरूंचे खटले लढवायचे असतील.

हे उत्तर त्याच्याच इनबॉक्समध्ये येणार, म्हणून शेवटचं त्याच्याशी बोलतो. बाळा, आधी पासवर्ड बदल. टू-स्टेप व्हेरिफिकेशन लाव, आणि बाबांना तसं तोंडावर सांग, लपवून करू नकोस. मग तुला काय करायचंय ते मला तुझ्या शब्दांत लिही. आणि हो, रिकव्हरीला बाबांचा मोबाइल नंबर दिलेला आहे का, तेवढं तपास.