पैठणीचा जांभळा रंग पडद्यावर खरा दिसण्यासाठी

नाशिकमध्ये लग्नाच्या छायाचित्रणाला तुम्ही नुकतीच सुरुवात केली आहे आणि येवल्याच्या पैठणीचा जांभळा रंग लॅपटॉपवर एक, तर छापील अल्बममध्ये दुसराच दिसतो, ही तुमची अडचण मला चांगली ठाऊक आहे. छापखान्याला दोष देण्याआधी पडदा तपासावा. नाइट लाइट (रात्री पडदा पिवळसर करणारी सोय) आणि खोलीतील उजेडानुसार आपोआप बदलणारी ब्राइटनेस बंद करून पडदा अर्धा तास सुरू ठेवावा.

विंडोजमध्ये नुसत्या नजरेने रंग जुळवण्याची सोय आहे, पण तिच्यावर माझा विश्वास नाही, कारण डोळा समोरच्या उजेडाला सरावतो आणि निळसर पांढराही त्याला थोड्या वेळात शुभ्र वाटू लागतो. त्यापेक्षा पडद्यावर टेकवून रंग मोजणारा कलरीमीटर एखाद्या सहकाऱ्याकडून दिवसभरासाठी मागून घ्यावा आणि पांढऱ्याची छटा ६५०० केल्विन (दिवसाच्या उजेडासारखी), गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) २.२ व पडद्याचा प्रकाश चौरस मीटरला सुमारे १०० कँडेला ठेवून मोजणी करावी. त्यातून तयार होणारी प्रोफाइल, म्हणजे पडद्याचे रंग सुधारणारी फाइल, त्याच पडद्यापुरती असते; ती दुसऱ्या लॅपटॉपवर मुळीच वापरू नये.

मात्र १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मांडलेल्या एसआरजीबी या प्रमाणित रंगसंचातील सर्व रंग अनेक स्वस्त लॅपटॉपचे पडदे दाखवूच शकत नाहीत, आणि जे रंग पडद्यात नाहीत ते अशा मोजून केलेल्या जुळवणीने (कॅलिब्रेशनने) येत नाहीत. तसे असेल तर बाहेरचा चांगला आयपीएस (बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा) मॉनिटर जोडावा. छापखान्याकडून त्यांच्या कागदाची आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल, मागावी, आणि पूर्ण अल्बमआधी एक पान छापून प्रत्यक्ष पैठणीशेजारी दिवसाच्या उजेडात पाहावे.