सोलापूरच्या उन्हाची सवय सिंगापूरला पुरेल का?

प्रश्न : ताई, मी ५२ वर्षांची आहे. कंबर तलावाच्या बाजूने पहाटे पळते, हाफ मॅरेथॉन अडीच तासांत होते. मुलगा सिंगापूरला नोकरीला आहे. डिसेंबरमधल्या तिथल्या मॅरेथॉनमध्ये त्याने २१ किलोमीटरला माझं नाव घातलंय. दोन दिवस आधी पोचेन. आपण मे महिन्यात बेचाळीस डिग्री सोसणारी माणसं, तिथे तर तीसच्या आसपास. वेगळी तयारी लागेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : लागेल, आणि आधी तिकीट बदलून घ्या.

आपलं ऊन कोरडं. घाम वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. सिंगापूर विषुववृत्ताला जवळजवळ चिकटलेलं, चहूबाजूंनी समुद्र. पहाटे हवेत ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता. तिथे घाम नुसता गळतो, आणि गळालेल्या घामाने अंग गार होत नाही. त्यात तुमचा सराव नोव्हेंबरच्या कोरड्या गारव्यातला.

अशा हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. मुलाकडेच राहायचंय, तर निदान आठवडाभर आधी जा आणि रोज अर्धा-पाऊण तास हळू पळा. रजा मिळतच नसेल, तर इथे हळू पळायच्या दिवशी उन्हं वर आल्यावर निघा आणि अंगात एक जादा टीशर्ट घाला. गरगरलं की तिथेच थांबायचं.

शर्यतीत घड्याळाकडे बघू नका. इथे तुम्ही सात मिनिटांना किलोमीटर जाता. तिथे पहिले पाच किलोमीटर पावणेआठने जा. अंधारात सुरुवातीला बरं वाटतं आणि बायका तिथेच जोर लावतात. आमच्या गटात मी हे पुन्हा पुन्हा सांगते, कारण अंगात साठलेली उष्णता पंधराव्या किलोमीटरला उसळते.

पाणी तहान लागेल तसं प्या. भीतीपोटी प्रत्येक टेबलावर ग्लास रिकामे केलेत, तर रक्तातलं सोडियम घसरतं, आणि ते उष्णतेइतकंच घातक. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच कालवायची, बाटलीच्या अंदाजाने नाही. काखेत, मांड्यांना व्हॅसलीन लावा, ओले कपडे फार सोलतात. आदल्या रात्री वरण-भात खा. शेंगाचटणी पळून झाल्यावर.

बोलणं अडखळलं, घामात असूनही अंगावर काटा आला किंवा पाय वाकडे पडू लागले, तर स्वयंसेवकाला लगेच सांगा आणि अंगावर गार पाणी ओतून घ्या. पाय दुखले तरी पळताना वेदनाशामक गोळी घेऊ नका, अशा वेळी मूत्रपिंडावर ताण येतो.

मुलाने आईचं नाव घातलं, याचा मला फार आनंद झाला. बीपीच्या गोळ्या चालू असतील, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, तर डोस स्वतः बदलू नका, निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून या.