‘बरंवाईट’ की ‘जीव देणं’?

प्रश्न असा आला आहे: धाकटा भाऊ हल्ली ‘सगळं नकोसं झालंय’, ‘झोपलो की उठूच नये’ असं बोलतो. ताईला त्याला सरळ विचारायचं आहे, पण ‘आत्महत्या’ हा शब्द जिभेवर येत नाही. ‘जिवाचं बरंवाईट’ म्हटलं तर चालेल का?

‘बरेवाईट’ हे शाळेतलं वैकल्पिक द्वंद्वाचं ठरलेलं उदाहरण, बरे किंवा वाईट. इथे मात्र ‘बरं’ नुसतं पांघरूण म्हणून आलंय. अशुभ तोंडातून काढू नये म्हणून आपण बांगडी फुटली तरी ‘वाढवली’ म्हणतो, त्यातलाच प्रकार. इतरांशी बोलताना ठीक आहे. भावाला मात्र त्यातून एवढंच कळेल की ताईला तो शब्द उच्चारवत नाही. मग तोही उच्चारणार नाही.

‘आत्महत्या’ स्पष्ट आहे, पण गोहत्या, ब्रह्महत्या यांच्या पंगतीतला. कायद्यानेही तसंच मानलं होतं: भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली प्रयत्नाला शिक्षा होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसावर तीव्र ताण होता असं गृहीत धरायला सांगितलं. (‘प्रयत्न फसला’ ही बातमीतली भाषा मला नेहमी खटकते. माणूस वाचला, असं म्हणा की.)

घरातला शब्द आहे ‘जीव देणं’. मी तोच वापरेन. पण शब्दापेक्षा वाक्य जास्त महत्त्वाचं. ‘तू असं काही करणार नाहीस ना?’ यातला ‘ना’ उत्तर आधीच ठरवून येतो. भाऊ ‘नाही गं’ म्हणणार आणि विषय मिटणार. त्याऐवजी ‘तुला जीव द्यावासा वाटतो का?’ असं विचारा. चहा प्यावासा वाटतो, रडावंसं वाटतं, तशीच ही रचना: ‘तुला’ चतुर्थीत, म्हणजे तो काही करत नाहीये, त्याला काहीतरी वाटतंय. मराठीने ही सोय आयती दिली आहे. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीतीही खोटी. जागतिक आरोग्य संघटना तिची गणना गैरसमजांत करते.

‘हो’ आलं तर ‘आईबाबांचा तरी विचार कर’ हे वाक्य गिळा. तो विचार करून करूनच थकलेला असतो. ‘कधीपासून वाटतंय?’ विचारा आणि ऐका. मग ‘काही ठरवलं आहेस का?’ हेही. ठरवलं असेल तर त्याला एकटं सोडू नका, ज्याने इजा होईल ते घरातून हलवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. त्यावर भावाऐवजी तुम्ही स्वतः फोन केलात तरी चालतो.