बोंड वरून हिरवं, आत काय?

प्रश्न : बाबा ६४ वर्षांचे. फवारणी करताना पाठ धरली, ती चार महिने सुटली नाही. मल्टिपल मायलोमा, म्हणजे हाडातल्या मज्जेचा कर्करोग, निघाला. एक्स-रे साफ आहे, तरी नागपूरला पूर्ण शरीराचा एमआरआय सांगितला. बाबा म्हणतात, "फोटो त निघाला, आता अजून काहून?"
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : बाबांना गुलाबी बोंडअळी आठवायला सांगा. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की सरकी खाल्लेली. एक्स-रेत हाड दिसतं, मज्जा नाही. हाडातलं निदान ३० टक्के खनिज गेल्याशिवाय खड्डा उमटत नाही. एमआरआय थेट मज्जाच पाहतो. तिच्यातली चरबी एमआरआयच्या ‘टी-१’ नावाच्या चित्रात उजळ दिसते. मायलोमाच्या पेशींनी तिची जागा घेतली की तिथे काळपट ठिपका. ५ मिलिमीटर किंवा मोठे असे एकाहून अधिक ठिपके दिसले, तर मायलोमाच्या २०१४च्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे त्रास नसला तरी उपचार सुरू करतात. बाबांच्या बाबतीत मणका दबलाय का, हेही कळेल.

यात एक्स-रेसारखे किरण नसतात. तासभर निपचित पडायचं मात्र आहे. चांदीचा करदोडा काढा, आणि तंबाखूची डबीसुद्धा. ती खिशात राहतेच, हा माझा रोजचा अनुभव. पेसमेकर असेल तर आधीच सांगा. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट सोबत न्या.